अवकाश संशोधनाला आणि अवकाशवसाहतीला सरकारने पैसा का द्यावा? टिकणाऱ्या राजकीय युक्तिवादाच्या शोधात

ध्रुवमत्स्य (धागालेखक)

जॉन केनेडी यांनी २५ मे १९६१ रोजी अमेरिकी काँग्रेससमोर चंद्रावर माणूस उतरवण्याचे उद्दिष्ट जाहीर केले, तेव्हा युरी गागारिन यांच्या पृथ्वीप्रदक्षिणेला जेमतेम सहा आठवडे झाले होते. पुढच्या वर्षी, २१ नोव्हेंबर १९६२ रोजी, नासाचे प्रमुख जेम्स वेब यांच्याशी झालेल्या बैठकीत केनेडींनी स्पष्टच सांगितले की, आपल्याला अवकाशात तसा फारसा रस नाही. सोव्हिएत संघाच्या आधी चंद्रावर पोहोचायचे आहे, म्हणूनच एवढा खर्च समर्थनीय ठरतो. या बैठकीचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे आणि या विषयावर मत बनवणाऱ्या प्रत्येकाने ते ऐकावे असे मला वाटते, कारण अपोलोचे यश आणि अपोलोचा शेवट या दोहोंचे कारण त्यात सापडते. स्पर्धेच्या भीतीपोटी पैसा झपाट्याने आला. १९६६ साली नासाचा वाटा अमेरिकी केंद्र सरकारच्या एकूण खर्चाच्या सुमारे ४.४ टक्क्यांवर गेला आणि माणूस प्रत्यक्ष चंद्रावर उतरण्याआधीच तो घसरणीला लागला. १९७० साली पुढच्या तीन चांद्रमोहिमा रद्द झाल्या आणि डिसेंबर १९७२ नंतर चंद्रावर कोणाचेही पाऊल पडलेले नाही. ज्या कारणासाठी पैसा मिळतो, ते कारण संपले की पैसाही संपतो, हे यातून शिकायला हवे होते. पण आजही अवकाश कार्यक्रमांचे समर्थन करताना नेत्यांना सर्वांत आधी प्रतिस्पर्धी देशाचेच नाव आठवते.

दुसरा युक्तिवाद रोजगाराचा. २३ जून १९९३ रोजी अमेरिकी प्रतिनिधिगृहात अवकाश स्थानक रद्द करण्याचा प्रस्ताव २१६ विरुद्ध २१५ अशा एका मताने फेटाळला गेला. त्याच वर्षी टेक्सासमध्ये बोगदा खणण्याचे काम चालू असलेला अतिवाहक कणत्वरक (मूलकणांची टक्कर घडवणारे महाकाय यंत्र) मात्र कायमचा बंद झाला. दोन्ही प्रकल्पांचे वैज्ञानिक मोल हा स्वतंत्र वादाचा विषय आहे, पण एक फरक नजरेत भरतो. स्थानकाचे काम अनेक राज्यांत विभागलेले होते आणि लवकरच त्यात रशियाही सामील झाला. कणत्वरकाचा मोठा लाभ एकाच राज्याला होणार होता. म्हणजे रोजगाराचा युक्तिवाद कार्यक्रमाला जिवंत ठेवतो, हे मान्य करावे लागते. परंतु तो त्याची मोठी किंमतही वसूल करतो. २०१० च्या अमेरिकी कायद्याने नव्या महाकाय अग्निबाणासाठी शक्यतो जुनेच कंत्राटदार आणि जुनीच यंत्रणा वापरण्याचे बंधन घातले, आणि मार्च २०२२ मध्ये नासाच्या महानिरीक्षकांनी चंद्रावर पुन्हा माणूस नेण्याच्या आर्टेमिस कार्यक्रमातील पहिल्या चार उड्डाणांचा खर्च प्रत्येकी सुमारे ४.१ अब्ज डॉलर असल्याचे काँग्रेसला सांगितले. काम कोणत्या मतदारसंघात व्हावे हे आधी ठरले आणि यान कसे असावे हे नंतर ठरले, तर याहून वेगळे काही घडण्याची अपेक्षा करता येत नाही.

तिसरा युक्तिवाद, म्हणजे अवकाश संशोधनातून दैनंदिन उपयोगाचे शोध लागतात हा, मला सर्वांत दुबळा वाटतो. टेफ्लॉन आणि वेल्क्रो ही त्याची नेहमीची उदाहरणे तर नासाच्या जन्माआधीची आहेत. आणि एखादी वस्तू हवीच असेल तर तिच्या संशोधनावर थेट खर्च करणे केव्हाही स्वस्त पडते.

मग मतदारासमोर प्रामाणिकपणे मांडता येईल असे काय उरते? माझ्या मते, जे सर्वांचे आहे आणि म्हणूनच ज्याला कोणी एक गिऱ्हाईक नाही, ते काम सरकारने करावे, हा एकच युक्तिवाद भीती ओसरल्यावरही टिकतो. लँडसॅटचे उदाहरण घ्या. पृथ्वीच्या पृष्ठभागाची सातत्याने नोंद ठेवणारी ही उपग्रहमालिका १९७२ साली सुरू झाली. १९८४ च्या कायद्याने तिचे व्यापारीकरण झाले आणि एका दृश्याची किंमत चार हजार डॉलरच्या वर गेली. विद्यापीठांना आणि लहान संस्थांना ती परवडेना, वापर आटला, आणि ज्या भागाच्या दृश्यांना मागणी नाही त्याची नोंद घेण्यात कंपनीला स्वारस्य उरले नाही. १९९२ मध्ये कायदा बदलून ती मालिका पुन्हा सरकारकडे आणावी लागली. २००८ साली संपूर्ण साठा विनामूल्य खुला झाला, तेव्हा दिवसाला हजारो दृश्ये उतरवून घेतली जाऊ लागली. वनतोड, हिमनद्यांची माघार, पिकांखालील जमीन, नद्यांचे बदललेले प्रवाह यांचा दशकानुदशकांचा अभ्यास आज शक्य आहे तो या एका निर्णयामुळे. उपग्रह तेच होते. फरक पडला तो ते कोणासाठी आहेत याविषयीच्या राजकीय भूमिकेमुळे.

हाच निकष लघुग्रहांच्या शोधाला, दूरच्या ग्रहांच्या अभ्यासाला आणि मूलभूत विज्ञानाला लागू होतो. अवकाशवसाहतीला तो लागू होतो का, हा मात्र खरोखर अवघड प्रश्न आहे. मी वसाहतीच्या बाजूचा आहे. माणसाने कधीतरी पृथ्वीबाहेर कायमचे राहावे असे मला मनापासून वाटते. परंतु माझी ही इच्छा दुसऱ्याच्या करातून पूर्ण करण्यासाठी कोणता युक्तिवाद पुरेसा आहे, यावर इथल्या जाणकारांचे विचार वाचायला आवडतील.

करदाता

विषयाची मांडणी स्पष्ट आहे, म्हणून आक्षेपही स्पष्टपणे नोंदवतो. अपोलो ११ च्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी, जुलै १९६९ मध्ये, राल्फ अ‍ॅबरनॅथी हे नागरी हक्क चळवळीचे नेते गरीब कुटुंबांना आणि खेचरगाड्यांना घेऊन उड्डाणतळावर निदर्शने करायला आले होते. नासाचे तत्कालीन प्रमुख थॉमस पेन त्यांना उघड्या मैदानात जाऊन भेटले आणि म्हणाले की, उड्डाणाची कळ न दाबल्याने गरिबीचा प्रश्न सुटणार असेल तर आम्ही ती दाबणार नाही. हे उत्तर माणुसकीचे होते, परंतु त्यात प्रश्नाला बगल दिलेली होती. अ‍ॅबरनॅथी त्या एका उड्डाणाविषयी बोलत नव्हते. देशाच्या प्राधान्यक्रमात आपण कुठे आहोत, असे ते विचारत होते.

अवकाश कार्यक्रमांचे समर्थक नेहमी सांगतात की, आज अमेरिकेतही हा खर्च सरकारच्या एकूण खर्चाच्या अर्ध्या टक्क्याहून कमी आहे. खर्च लहान आहे हे त्याचे समर्थन होऊ शकत नाही. लहान खर्चालाही कारण लागते, आणि अशा अनेक लहान खर्चांतूनच मोठा खर्च तयार होतो.

शिवाय लोकांना काय हवे आहे याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. प्यू संशोधन केंद्राने २०२३ साली अमेरिकी नागरिकांना नासाच्या कामांचा प्राधान्यक्रम विचारला, तेव्हा पृथ्वीवर आदळू शकणाऱ्या लघुग्रहांवर लक्ष ठेवणे हे ६० टक्के लोकांना सर्वोच्च प्राधान्याचे वाटले; चंद्रावर माणूस पाठवणे १२ टक्क्यांना आणि मंगळावर पाठवणे ११ टक्क्यांना. पैशांची विभागणी मात्र नेमकी याच्या उलट आहे. धागालेखकांचा सार्वजनिक हिताचा निकष मला मान्य आहे, पण तो प्रामाणिकपणे लावला तर माणसांच्या मोहिमांचा बराचसा खर्च त्यातून बाहेर पडतो, आणि वसाहतीचा तर संपूर्णच. पैसे सगळ्यांनी भरायचे आणि जायचे मूठभरांनी, याला सार्वजनिक हित कसे म्हणणार?

लोलक

करदाता यांच्या प्रश्नाला एका देशाने प्रत्यक्ष कृतीने दिलेले उत्तर आहे. विक्रम साराभाई यांनी भारताच्या अवकाश कार्यक्रमाची उभारणी करताना श्रीमंत देशांशी चंद्राच्या किंवा समानव उड्डाणांच्या स्पर्धेत उतरण्याची कल्पना बाजूला ठेवली आणि समाजाच्या खऱ्या प्रश्नांसाठी प्रगत तंत्रज्ञान वापरण्यावर भर दिला. त्यांच्या निधनानंतर, १९७५-७६ मध्ये, अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी वापरून सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शेती, आरोग्य आणि शिक्षणाचे कार्यक्रम थेट पोहोचवले गेले. स्वतःचा दळणवळण उपग्रह नसताना, आधी गरज आणि तिचा उपयोग पडताळून पाहायचा आणि मग उपग्रह बांधायचा, हा क्रम मला आजही अनुकरणीय वाटतो. गरिबांचा प्रश्न कार्यक्रमाच्या केंद्रस्थानी ठेवला, तर अ‍ॅबरनॅथींच्या प्रश्नाला टाळण्याची गरज उरत नाही.

पण याच युक्तिवादाच्या आधारे चंद्रमोहिमांचे समर्थन करण्याची जी पद्धत पडली आहे, ती मला पटत नाही. हवामानाचे उपग्रह चक्रीवादळात हजारो जीव वाचवतात, हे खरे. त्यावरून चंद्रावर यान उतरवणेही तितकेच उपयुक्त आहे, असे सिद्ध होत नाही. त्यासाठी वेगळे कारण द्यावे लागेल, आणि ज्ञान हे स्वतःच पुरेसे कारण आहे असे म्हणण्याचे धैर्य राजकारण्यांनी दाखवावे. चंद्रयान-३ चा खर्च सुमारे ६१५ कोटी रुपये होता. या रकमेत चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या मातीचे तापमान आणि तिच्यातील मूलद्रव्ये प्रथमच जागेवर मोजली गेली. एवढे सांगितले तरी सामान्य माणसाला ते पटते असा माझा विश्वास आहे. त्याला उगाच वर खनिजांच्या खाणींची स्वप्ने दाखवण्याचे कारण नाही.

कलम सहा

आतापर्यंतच्या चर्चेत कायद्याची बाजू आलेली नाही आणि माझ्या मते सरकारी सहभागाचा सर्वांत मजबूत युक्तिवाद तिथेच आहे. १९६७ च्या बाह्य अवकाश कराराच्या दुसऱ्या कलमानुसार कोणत्याही देशाला चंद्रावर किंवा इतर खगोलीय पिंडावर सार्वभौमत्व सांगता येत नाही. सहावे कलम मात्र सांगते की, खासगी संस्थांनी अवकाशात केलेल्या प्रत्येक कृतीची आंतरराष्ट्रीय जबाबदारी त्या त्या देशाची असेल आणि अशा कृतींना सरकारची अनुज्ञा आणि सततची देखरेख आवश्यक असेल. त्यामुळे 'सरकारने यात पडू नये, ज्यांना जायचे आहे त्यांनी स्वखर्चाने जावे' हा पर्याय कायद्याने उपलब्धच नाही. एखाद्या कंपनीने उद्या मंगळावर तळ उभारला, तर तिथल्या प्रत्येक कृतीसाठी उत्तरदायी कोणते तरी सरकार असणार आहे. जे सरकार उत्तरदायी आहे, त्याला त्या विषयाचे स्वतःचे ज्ञान आणि तपासणीची स्वतःची क्षमता असायलाच हवी, आणि ती क्षमता पैशांशिवाय येत नाही.

दुसरा मुद्दा उपस्थितीचा. डिसेंबर १९७६ मध्ये कोलंबिया, इक्वेडोर, केनिया, इंडोनेशिया आदी विषुववृत्तावरील आठ देशांनी बोगोटा येथे जाहीरनामा काढून आपल्या डोक्यावरील भूस्थिर कक्षेवर, म्हणजे उपग्रह जमिनीवरून एकाच जागी स्थिर दिसतो त्या कक्षेवर, हक्क सांगितला. तो कोणी मान्य केला नाही. तोवर त्या कक्षेतील मोक्याच्या जागा उपग्रह सोडू शकणाऱ्या देशांनी भरायला सुरुवात केलेली होती आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा व्यवहार 'जो आधी नोंदवेल त्याला आधी' या तत्त्वावर चालत होता. पुढे दीर्घ वाटाघाटींनंतर, १९८८ साली, प्रत्येक देशासाठी काही वाटा राखून ठेवणारी योजना झाली, परंतु ती ठरावीक तरंगपट्ट्यांपुरती. उशिरा आलेल्यांना न्याय मिळवण्यासाठी किती झगडावे लागते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

चंद्राच्या ध्रुवांवर हीच परिस्थिती पुन्हा निर्माण होत आहे. चंद्रयान-१ च्या निरीक्षणांनी २००९ साली चंद्राच्या पृष्ठभागावर पाण्याच्या अस्तित्वाला बळकटी दिली. ध्रुवांजवळची काही विवरे कायम अंधारात असतात, म्हणून तिथे बर्फ टिकतो, आणि त्यांच्या कडांवरील मोजक्या उंच जागांवर वर्षाचा बहुतांश काळ सूर्यप्रकाश असतो. पाणी आणि वीज जवळजवळ मिळेल अशा या जागा फार थोड्या आहेत. ऑक्टोबर २०२० मध्ये आठ देशांनी सही केलेल्या आर्टेमिस समझोत्यात तळांभोवती 'सुरक्षा क्षेत्रे' आखण्याची तरतूद आहे. चीन आणि रशिया यांनी २०२१ साली स्वतःच्या चांद्र संशोधन स्थानकाची योजना मांडली. मालकी कोणाचीच नसेल, तरी आधी पोहोचलेल्याच्या यंत्रांपासून अंतर राखणे इतरांना भाग पडेल. अशा वेळी प्रथा पाडणाऱ्यांत आपला देश नसेल, तर त्या प्रथा निमूटपणे स्वीकाराव्या लागतील.

भीतीचा युक्तिवाद मी वेगळ्या शब्दांत मांडतो आहे असे कोणी म्हणेल, आणि त्या दोहोंतील सीमारेषा पुसट आहे हे मला मान्य आहे. तरीही प्रतिस्पर्ध्याला हरवण्यासाठी जाणे आणि नियम ठरवणाऱ्या मंडळात बसण्याइतकी क्षमता मिळवणे यांत खर्चाचे आकारमान आणि हेतू या दोन्ही दृष्टींनी मोठा फरक आहे. पहिल्याला विजयानंतर अर्थ उरत नाही. दुसऱ्याची गरज नियम अस्तित्वात असेपर्यंत राहते.

वेधशाळा

मानवजातीच्या अस्तित्वाचा युक्तिवाद अजून कोणी मांडला नाही, आणि वसाहतीचे समर्थक तर त्याच्यापासूनच सुरुवात करतात, म्हणून त्याविषयी लिहिते. मला स्वतःला तो वसाहतीसाठी लागू पडत नाही असे वाटते. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी डायनोसॉरांचा अंत करणारा लघुग्रह आदळला, त्यानंतरच्या सर्वांत वाईट वर्षातसुद्धा पृथ्वीवर श्वास घेण्याजोगी हवा, वाहते पाणी आणि शरीराला सवयीचे गुरुत्वाकर्षण होते. मंगळावर यांपैकी काहीही नाही. असा आघात टाळण्याचा मार्गही वसाहतीपेक्षा कितीतरी स्वस्त आहे. २६ सप्टेंबर २०२२ रोजी डार्ट यान डायमॉर्फस या लहानशा पिंडावर मुद्दाम आदळवण्यात आले आणि मोठ्या जोडीदार लघुग्रहाभोवतीची ११ तास ५५ मिनिटांची त्याची प्रदक्षिणा अर्ध्या तासाहून अधिक कमी झाली. संपूर्ण मोहिमेचा खर्च सुमारे ३२.५ कोटी डॉलर होता.

पण ढकलण्यासाठी तो पिंड आधी सापडावा लागतो. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्कवर सुमारे २० मीटर व्यासाचा पिंड फुटला, तो सूर्याच्या दिशेने आल्यामुळे आधी कोणालाच दिसला नव्हता. सुमारे १,५०० माणसे जखमी झाली, बहुतेक फुटलेल्या काचांमुळे. १४० मीटरहून मोठे, पृथ्वीजवळून जाणारे ९० टक्के पिंड २०२० पर्यंत शोधून काढावेत, असा कायदा अमेरिकेने २००५ मध्येच केला होता. मुदत उलटली तेव्हा त्यांतील निम्मेही सापडलेले नव्हते, कारण कायद्याबरोबर पुरेसा पैसा दिला गेला नाही. करदाता यांनी दिलेली ६० टक्क्यांची आकडेवारी आणि हे वास्तव शेजारी ठेवून पाहिले की मन खिन्न होते.

या कायद्याला जॉर्ज ब्राऊन या अमेरिकी लोकप्रतिनिधींचे नाव दिलेले आहे. याच ब्राऊन यांनी १९८८ साली अवकाशवसाहत हे राष्ट्राचे दीर्घकालीन ध्येय मानावे असे विधेयक मांडले होते. त्यांच्या मनात या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात नव्हत्या, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

मृगशीर्ष

वसाहतीची चर्चा बहुधा अग्निबाणांपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. तिथे पोहोचता येईल का याविषयी आपण बरेच काही जाणतो. तिथे राहता येईल का याविषयी फारच थोडे. सरकारी पैशाचे खरे काम या दुसऱ्या प्रश्नात आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

अ‍ॅरिझोनात सुमारे सव्वा हेक्टर जागेवर उभारलेल्या 'बायोस्फिअर २' या काचेच्या बंदिस्त वास्तूत सप्टेंबर १९९१ पासून दोन वर्षे आठ माणसे राहिली. हा प्रयोग खासगी पैशातून झाला होता. शेती, जंगल, छोटा समुद्र, प्राणी असे सर्व काही आत होते आणि हवा व पाणी आतल्या आत फिरत राहावे अशी अपेक्षा होती. सुमारे सोळा महिन्यांत प्राणवायूचे प्रमाण २०.९ टक्क्यांवरून १४.५ टक्क्यांच्या आसपास आले. माणसांना दम लागू लागला, झोप लागेना, आणि जानेवारी १९९३ मध्ये बाहेरून प्राणवायू सोडावा लागला. कारण शोधायला बराच काळ गेला, कारण प्राणवायू खर्च होत असेल तर तितका कार्बन डायऑक्साइड वाढायला हवा होता, आणि तो वाढलेला दिसत नव्हता. शेवटी उलगडा झाला तो असा: सुपीक व्हावी म्हणून मुद्दाम सेंद्रिय द्रव्यांनी भरलेल्या मातीतले सूक्ष्मजीव प्राणवायू वापरत होते, आणि त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड वास्तूच्या उघड्या काँक्रीटमध्ये शोषला जाऊन त्याचे कॅल्शियम कार्बोनेट बनत होते. काँक्रीटच्या भिंतीही श्वासोच्छ्वासाच्या गणितात धराव्या लागतात, हे प्रयोग करण्याआधी कोणाच्या लक्षात आले नव्हते. पृथ्वीवर चूक झाली तेव्हा टँकरने प्राणवायू आणता आला. मंगळावर तो आणता येणार नाही.

दुसरा प्रश्न गुरुत्वाकर्षणाचा. मंगळावर ते पृथ्वीच्या ३८ टक्के आहे, चंद्रावर एक षष्ठांश. भारहीन अवस्थेत हाडे आणि स्नायू झिजतात, डोळ्यांवर परिणाम होतो, हे अवकाश स्थानकांमुळे आपल्याला चांगले ठाऊक आहे. मात्र ३८ टक्के गुरुत्वाकर्षण पुरेसे आहे का, हे कोणीही सांगू शकत नाही, कारण अंशतः गुरुत्वाकर्षणात मानवी शरीराचा सर्व अनुभव चंद्रावर उतरलेल्या बारा जणांचा, आणि त्यांचा सर्वांत मोठा मुक्काम सुमारे ७५ तासांचा. एकाही सस्तन प्राण्याने अशा गुरुत्वाकर्षणात गर्भधारणेपासून प्रौढ होईपर्यंतचे आयुष्य काढलेले नाही. मुले जन्माला येऊन निरोगी वाढू शकतात की नाही हे ज्याविषयी माहीत नाही, त्या ठिकाणाला वसाहत म्हणणे मला घाईचे वाटते. फार तर ते संशोधन ठाणे असेल.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाला जोडायचे एक स्वतंत्र दालन आखलेले होते. जपानमध्ये त्याचे काम चालू होते. त्यात अडीच मीटर व्यासाचे फिरते चक्र बसवून उंदरांना आणि वनस्पतींना चंद्राइतके, मंगळाइतके, हवे तितके गुरुत्वाकर्षण देता आले असते. २००५ साली, खर्चात कपात करताना, हे दालन रद्द झाले. त्याचा सांगाडा आज जपानच्या त्सुकुबा अवकाश केंद्राच्या आवारात प्रदर्शनात ठेवलेला आहे. पुढे स्थानकावरील जपानच्या किबो प्रयोगशाळेत छोट्या चक्रावर उंदरांना महिनाभर ठेवून उपयुक्त अभ्यास झाले, परंतु पिढ्यानुपिढ्यांचा प्रश्न अनुत्तरितच आहे. याच सुमारास चंद्र आणि मंगळाची उद्दिष्टे मोठ्या थाटात जाहीर होत होती, हे लक्षात घेतले म्हणजे राजकीय अडचण कुठे आहे ते कळते. उंदरांच्या तीन पिढ्या वाढवण्याच्या प्रयोगाला उद्घाटन नसते, थेट प्रक्षेपण नसते आणि त्याचे उत्तर पुढच्या निवडणुकीपर्यंत येत नाही. ते उत्तर कोणा एकाला विकताही येत नाही, म्हणून गुंतवणूकदार त्याकडे फिरकत नाहीत.

करदाता यांना माझे उत्तर असे आहे: वसाहतीसाठी पैसा मागू नये, वसाहत शक्य आहे की नाही हे कळण्यासाठी मागावा. किरणोत्साराचे उदाहरण घ्या. क्युरिऑसिटी यानावरच्या उपकरणाने मंगळाच्या पृष्ठभागावर दिवसाला सुमारे ०.६५ मिलिसीव्हर्ट इतका किरणोत्सार मोजला, म्हणजे पृथ्वीवरच्या सरासरी नैसर्गिक मात्रेच्या जवळपास शंभरपट. हा आकडा आता जगात सर्वांचा आहे. अशा उत्तरांचा लाभ मूठभर प्रवाशांपुरता उरत नाही, आणि उत्तर 'नाही' असे आले तरी पैसा वाया गेला असे म्हणता येणार नाही.

करदाता

मृगशीर्ष यांनी केलेला भेद मला पटतो आणि या स्वरूपात मागणी आली तर मी तिला विरोध करणार नाही. पण मग प्रत्यक्ष वाहतूक, यान आणि अग्निबाण यांचे काय? खासगी कंपन्या ते काम सरकारपेक्षा स्वस्तात करत आहेत. सरकारने तिथून पूर्णपणे बाहेर पडावे, असे म्हणायला हरकत काय?

ध्रुवमत्स्य

सरकार तिथून बाहेर पडले म्हणून नव्हे, तर त्याने खरेदीची पद्धत बदलली म्हणून ते स्वस्त झाले. विमानवाहतुकीचा इतिहास याहून वेगळा नाही. अमेरिकेत १९२५ च्या कायद्याने सरकारी टपाल वाहून नेण्याची कंत्राटे खासगी विमान कंपन्यांना दिली आणि प्रवासी पुरेसे नसतानाच्या काळात त्या कंत्राटांवर त्या तगल्या. २००६ साली नासाने स्थानकाला सामान पोहोचवण्यासाठी जी योजना आणली, तिच्यात यानाचा आराखडा सरकारने ठरवला नाही. कोणते टप्पे गाठल्यावर किती पैसे मिळतील एवढेच ठरवले. फाल्कन ९ हा अग्निबाण आणि ड्रॅगन हे यान यांच्या विकासासाठी स्पेसएक्सला या योजनेतून ४० कोटी डॉलरपेक्षा थोडे कमी मिळाले, उरलेला खर्च कंपनीने उभा केला, आणि डिसेंबर २००८ मध्ये १२ फेऱ्यांचे १.६ अब्ज डॉलरचे कंत्राट मिळाले. त्याच योजनेत निवडलेल्या दुसऱ्या एका कंपनीला खासगी भांडवल उभारता आले नाही, तेव्हा २००७ साली तिच्याशी केलेला करार संपवण्यात आला. तोवर सरकारचे सुमारे ३.२ कोटी डॉलरच गेले होते. चुकीच्या निवडीची किंमत इतकी मर्यादित ठेवता येणे, हाच या पद्धतीचा मोठा गुण आहे.

मात्र ही पद्धत चालली, कारण सरकारला स्थानकापर्यंत सामान न्यायचेच होते. जिथे सरकार हेच एकमेव गिऱ्हाईक आहे, तिथे ते बाहेर पडले की बाजारही संपतो. मंगळावर आज दुसरे कोणतेही गिऱ्हाईक नाही.

एकदम मोठी रक्कम मागण्याचा मार्ग काय परिणाम देतो तेही पाहून झाले आहे. २० जुलै १९८९ रोजी थोरल्या जॉर्ज बुश यांनी चंद्रावर परत जाण्याची आणि मंगळावर माणूस पाठवण्याची घोषणा केली. नव्वद दिवसांच्या अभ्यासानंतर खर्चाचा जो अंदाज पुढे आला, तो काही दशकांत मिळून सुमारे ५०० अब्ज डॉलरचा होता. काँग्रेसने त्या कार्यक्रमाला जवळजवळ काहीच दिले नाही, आणि त्यात जी लहान, करण्याजोगी कामे होती तीही मागे पडली. म्हणून मला असा मसुदा योग्य वाटतो: लघुग्रहांच्या शोधासाठी कायद्यात उद्दिष्टाबरोबरच वर्षानुवर्षांची तरतूद, अंशतः गुरुत्वाकर्षण आणि बंदिस्त जीवनव्यवस्था यांच्या प्रयोगांसाठी दहा वर्षांचा स्वतंत्र निधी, जो यानांच्या वाढत्या खर्चाकडे वळवता येणार नाही, आणि वाहतूक शक्य तिथे टप्प्यांच्या करारावर विकत घेणे.

कलम सहा

या मसुद्यात एक गोष्ट वाढवावी लागेल. सार्वजनिक पैशातून मिळालेली सर्व निरीक्षणे ठरावीक मुदतीत विनामूल्य खुली होतील, हे कायद्याच्या मूळ मजकुरातच लिहिलेले असावे, खात्याच्या धोरणावर सोडू नये. धोरण पुढचे सरकार एका आदेशाने बदलू शकते. लँडसॅटच्या बाबतीत १९८४ मध्ये जे घडले ते कायद्याने घडले आणि ते दुरुस्त करायलाही आठ वर्षांनी कायदाच करावा लागला. चंद्राच्या ध्रुवांवरील बर्फाचे नकाशे तर आतापासूनच मोलाचे आहेत. ते एखाद्या कंपनीला एकहाती मिळाले, तर मालकी निषिद्ध असूनही मालकीचा सगळा लाभ तिच्याकडे जाईल.

करदाता

या दुरुस्तीसह मसुदा मला मान्य आहे. माझी एकच अट आहे. गुरुत्वाकर्षणाच्या प्रयोगांचा निष्कर्ष प्रतिकूल आला, तर माणसांच्या कायम वास्तव्यासाठीची पुढची तरतूद आपोआप थांबावी आणि ती पुन्हा सुरू करायची असल्यास संसदेत नव्याने मतदान व्हावे.

मृगशीर्ष

अट रास्त आहे. फक्त 'प्रतिकूल' म्हणजे काय हे प्रयोग सुरू होण्याआधीच लिहून ठेवावे लागेल: किती पिढ्या, हाडांची घनता किती टक्क्यांहून कमी, जन्मणाऱ्या पिलांपैकी किती निरोगी. हे आकडे नंतर ठरवले, तर ज्याला जे हवे तेच तो निष्कर्षात वाचेल. आणि मंगळासाठी निष्कर्ष प्रतिकूल आला, तरी फिरत्या वास्तूत पृथ्वीइतके गुरुत्वाकर्षण निर्माण करण्याचा पर्याय शिल्लक राहतो, जो जेरार्ड ओनील यांनी १९७४ सालीच मांडला होता. त्यासाठीची तरतूद वेगळ्या शीर्षाखाली ठेवावी, म्हणजे एका प्रश्नाच्या उत्तरामुळे दुसरा प्रश्न विचारायचाच राहून जाणार नाही.